आत्याला विचार

६ जानेवारी

प्रिय आत्या,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी "जेवण झालं का, थंडी आहे का" याच्या पुढे कधी जात नाही. शिवाय बाबा त्याच खोलीत असले की मी तेवढंही बोलत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. कारण पुढे येईलच.

वर्षभर माझ्या डोळ्यांचं काहीतरी चाललंय. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. सुईत ओवलेला एक धागा एक न दिसता अडीच दिसतो. चष्मेवाल्यानं एका वर्षात तीनदा नंबर बदलला आणि चौथ्यांदा गेले तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाला, "हे माझ्या हातातलं नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरबाईंनी खूप तपासण्या केल्या. या आजाराला केराटोकोनस म्हणतात. डोळ्याच्या समोर जो काचेसारखा पडदा असतो, कॉर्निया, तो पातळ होत जातो आणि हळूहळू पुढे येतो. गोल असायचा, तो टोकदार होतो. माझा डावा डोळा अजून सुरुवातीला आहे. उजवा बराच पुढे गेलाय. पहिल्यांदा मोजली तेव्हा त्याची जाडी चारशे पंचावन्न होती, आता चारशे अठ्ठावीस. हे आकडे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातले. चारशेच्या खाली गेली तर नेहमीच्या पद्धतीचं ऑपरेशनच करता येत नाही.

त्या ऑपरेशनला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. पडद्याच्या वरची नाजूक साल काढतात, डोळ्यात अर्धा तास पिवळ्या जीवनसत्त्वाचे थेंब घालत राहतात आणि मग त्यावर अतिनील प्रकाश सोडतात. मी रफूचं काम करते हे कळल्यावर डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "मग तुम्हाला सांगायला सोपं. कापड विरायला लागलं, की भोक पडायच्या आधीच आतल्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकायचं."

"मग पहिल्यासारखं दिसेल?" मी विचारलं.

"नाही. गेलेलं परत येणार नाही. आहे ते टिकावं म्हणून करायचं."

चार-पाच दिवस डोळा चांगलाच दुखतो. मग दोन-तीन महिने नजर आहे त्याहून धूसर. शंभरात दोघा-तिघांना डाग राहतो, जंतू होतात, नजर आणखी उतरते. त्यांनी काही लपवलं नाही.

आणि नेमकं आत्ताच, आत्या, मला वस्तुसंग्रहालयात जागा मिळतेय. जुन्या कापडांची दुरुस्ती. एकच जागा, एक मार्चपासून. सहा वर्षं मी दुकानात बसून जे शिकले ते तिथं कोणाला तरी हवंय, ही गोष्टच मला अजून खरी वाटत नाही. ऑपरेशन केलं तर मार्चमध्ये मला सुईचं नेढंही दिसणार नाही.

बाबांना विचारलं. ते रेशमी अस्तर उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "आत्याला विचार." मी म्हटलं, आत्याला कशाला? तर पुन्हा तेच. "आत्याला विचार."

म्हणून विचारतेय.

तुझी
मुंगी

•

१५ जानेवारी

प्रिय मुंगी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोपवाटिकेत होते. हाताला माती होती म्हणून पाकीट दातांनी फोडलं. आतोबा म्हणाले, "काय पत्र खातेस की काय?"

वाचता वाचता मी थेट दुकानात जाऊन बसले बघ. ती उत्तरेकडची खिडकी, आणि खिडकीत दोन स्टुलं. डावीकडचं दादाचं, उजवीकडचं माझं. शेजारच्या धुलाईवाल्याची वाफ भिंतीतून यायची, त्यामुळे थंडीत ती भिंत कोमट असायची. आम्ही काम थांबवून दोघं तिला पाठ लावून बसायचो आणि तुझे आजोबा ओरडायचे, "भिंत पडणार नाही, धरून बसू नका." अजून आहे का तो धुलाईवाला?

आमचा एक खेळ होता. दुरुस्तीला आलेल्या कोटाचे खिसे रिकामे करायचे, त्यात निघालेल्या वस्तू परत द्यायला डबीत ठेवायच्या, आणि त्यावरून माणूस कसा असेल ते सांगायचं. खोकल्याच्या गोळ्या, नाटकाचं अर्धं तिकीट, एकुलती एक किल्ली. दादा असं काही रंगवून सांगायचा की प्रत्यक्ष गिऱ्हाईक आलं की मला हसू दाबावं लागायचं. एकदा तो म्हणाला, "हा माणूस बायकोला घाबरतो, कारण दोन्ही खिशांत रुमाल आहेत." कोट न्यायला आली ती बायको. दारातूनच म्हणाली, "रुमाल होते ना आत?" मी टेबलाखाली गेले, सुई शोधायच्या निमित्तानं. तू पुढे त्याच टेबलाखाली रांगत धागे वेचायचीस, म्हणून तर तुला सगळे मुंगी म्हणायला लागले.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला विचारशील तर घाई करू नकोस. डोळ्यासारख्या नाजूक जागी उगाच कोणाला हात लावू देऊ नये. नोकरी दारात येऊन उभी आहे, ती पुन्हा येईलच असं नाही. सहा महिने जाऊ देत, मग बघू. डोळे मात्र अजिबात चोळू नकोस.

दादानं माझं नाव का घ्यावं, कळत नाही. मला डोळ्यांतलं काय कळतंय? अवघड काही समोर आलं की ते दुसऱ्याच्या ताटात सरकवायची त्याची जुनी सवय आहे. मी तर धाग्यांचा कंटाळा आला म्हणून दुकान सोडलेली बाई. मी काय सांगणार.

तुझी
आत्या

•

२४ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. मला खरं तर हेच कोणीतरी सांगायला हवं होतं. दवाखान्यात कळवलं की जुलैमध्ये येते. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "निर्णय तुमचा आहे. पण तीन महिन्यांनी निदान मोजून तरी जा." वस्तुसंग्रहालयाला होकार कळवला.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. रुमालांच्या गोष्टीला ते हसले. असे मोठ्यानं हसले की धुलाईवाला डोकावला (आहे तो अजून, म्हणजे त्याचा मुलगा). पण "सहा महिने जाऊ देत" इथवर आले, तर ते उठले आणि इस्त्री गरम करायला लागले. इस्त्री करण्यासारखं काहीही नव्हतं. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. तिनं असं लिहिलं?" मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं.

तुम्हा दोघांचं काय आहे, आत्या? लहानपणापासून मी एवढंच पाहिलंय की तुझा फोन आला की बाबा दोन मिनिटं बोलतात, फोन ठेवतात आणि तडक सुई हातात घेतात.

काम बरं चाललंय. नजरेचा त्रास संध्याकाळी जास्त. काल एका लोकरी शालीचा कोपरा केला, शेवटी शेवटी धागे एकमेकांत मिसळायला लागले. वाटलं, विणीची दोन घरं चुकलीच. आज नऊला खाली येऊन पाहिलं तर कुठे काही चुकलेलं नाही, सगळं सरळ. मागच्या आठवड्यातही असंच झालं. रात्रभर झोप झाली की आपलंच काम सकाळी जास्त चांगलं दिसतं बहुतेक. बाबांना म्हटलं तसं, तर ते "हं" म्हणाले. ते बिचारे हल्ली सहालाच दुकान उघडून बसतात. म्हणतात, वय झालं, झोप येत नाही.

मार्चची वाट बघतेय.

तुझी
मुंगी

•

२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

आधी महत्त्वाचं. मी तुला चुकीचा सल्ला दिला. सहा महिने थांबू नकोस. पत्र बाजूला ठेव, दवाखान्यात फोन कर, मग पुढे वाच.

जो आजार तुला आहे तो मला तिशीच्या आधीपासून आहे. दादा, तुझी आई, कोणालाही मी हे सांगितलं नाही. आतोबांखेरीज कोणाला माहीत नाही, असं मी परवापर्यंत समजत होते.

चोविसाव्या वर्षी मला धागे दुहेरी दिसायला लागले. मी ते दाबलं. खिडकीजवळ सरकले, डोळे बारीक केले, बोटानं चाचपून घरं मोजायला लागले. रफू करणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीनं दिसत नाही म्हणायचं म्हणजे काय, असं वाटायचं. मग एका व्हायोलिन वाजवणाऱ्याचा कोट आला. राखाडी, तिरक्या विणीचा. बाही मी केली. तो संध्याकाळी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आला. टेबलावर बाही पसरली. म्हणाला, "ही रेघ दिसतेय." दादा पुढे झाला. "माझ्या हातून झालंय ते. परत करून देतो." मी शेजारच्या स्टुलावर बसलेली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "कोट मी केला होता."

दादा म्हणाला, "चहा ठेवतेस का?"

बस, एवढंच. मला त्याचा इतका राग आला, मुंगी. वाटलं, ओरड, हिणव, पण मला असं पदराआड घेऊ नकोस. दोन महिन्यांनी आतोबांचं स्थळ आलं आणि मी हो म्हटलं. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, "मला धाग्यांचा कंटाळा आलाय." दादाचा चेहरा मला दिसला नाही. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता, आणि तेव्हासुद्धा चार हातांवरचे चेहरे मला पुसल्यासारखेच दिसायचे.

इथं आल्यावर वर्षभरानं डॉक्टरांनी नाव सांगितलं. उपाय म्हणजे कडक लेन्स, बाकी काही नाही. उजव्या डोळ्यात पुढे डाग पडला. डाव्यात लेन्स घालते, ती सात-आठ तासांवर सोसत नाही. म्हणून रोपवाटिका. रोपं बोटांनी कळतात. रस्त्यात मी ओळख दाखवत नाही म्हणून लोक मला शिष्ट समजतात. समजू देत. आतोबांना मी त्यांच्या खोकल्यावरून ओळखते.

हे सगळं असताना मी तुला थांब म्हटलं. का, ते मी आठ दिवस स्वतःला विचारतेय. खरं सांगायचं तर एवढं सगळं लिहावं लागू नये म्हणून. मला हे ऑपरेशन मिळालं असतं तर मी धावत गेले असते. तू चारशे अठ्ठावीसवर उभी आहेस. आणखी सहा महिन्यांनी तुझ्यासाठी ते दार असेल की नाही, कोण जाणे.

आणि आणखी एक. तू लिहिलंस, सकाळी आपलंच काम जास्त चांगलं दिसतं. मलाही अगदी असंच वाटायचं. शेवटच्या वर्षभर. संध्याकाळी वाटायचं चुकलं, सकाळी पाहावं तर सरळ. मीही झोपेलाच श्रेय दिलं होतं. मुंगी, दादा तेव्हाही सहाला दुकान उघडायचा. आम्ही त्याला कोंबडा म्हणायचो.

तू विचार त्याला. माझ्याच्यानं होणार नाही.

तुझी
आत्या

•

११ फेब्रुवारी

बारके,

मुंगीनं तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि ती वर निघून गेली. दुकान बंद करून हे लिहायला बसलोय. मला पत्र लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे. शब्द मागेपुढे झाले तर समजून घे.

हो. उसवून पुन्हा करायचो. तू वर्षभर म्हणतेस, चौदा महिने होते ते. तू खाली येण्याच्या आधी आटपायचं, म्हणून सहाला यायचो. तो कोट त्या माणसानं त्याच संध्याकाळी नेला, सकाळी माझ्या हाती लागला नाही. म्हणून तेवढा एकच बाहेर गेला. तो परत आला तेव्हा मी "माझ्या हातून" म्हणालो ते तुला झाकायला म्हणालो नाही. मला खरंच वाटलं, माझीच चूक, देण्याआधी बघायला हवा होता.

तुला सांगितलं असतं तर तू स्टुलावरून उठशील अशी मला भीती होती. न सांगताही उठलीसच.

कंटाळा आला म्हणालीस ते माझ्या मनाला लागलं. मला ते खरं वाटलं नव्हतं, पण चारचौघांत तुझं म्हणणं खोडायचं नव्हतं. पुढे आई गेली तेव्हा तू आली होतीस. तुझ्या नवऱ्यानं मला मागच्या जिन्यात सगळं सांगितलं. मीच त्यांना म्हटलं, मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. तिला लपवायचंय तर लपवू दे. तेव्हा हे मला शहाणपणाचं वाटलं होतं.

म्हणून पोरीला तुझ्याकडे पाठवली. मी हो म्हटलं आणि डोळा बिघडला तर? नाही म्हटलं आणि गेला तर? दोन्ही माझ्याच्यानं म्हणवेना. तू त्यातून गेलीस, तू सांगशील असं वाटलं. तू थांब म्हणालीस तेव्हा घाबरलो, आणि तरी गप्पच राहिलो. इस्त्री तापवली.

काल मुंगीनं मला विचारलं, "बाबा, मागच्या महिन्यातल्या कामातलं माझं किती आणि तुमचं किती?" मला सांगता येईना. ती चिडली नाही. ती रडली असती तरी बरं झालं असतं. नुसती उभी राहिली.

तुझं स्टूल मी कोणाला दिलं नव्हतं. ती सोळा वर्षांची झाल्यावर तिला दिलं. एवढंच.

दादा

•

२ मार्च

प्रिय आत्या,

अक्षर बाबांचं आहे, मजकूर माझा. मला अजून कागदाकडे बघायची मनाई आहे. बाबांना बजावलंय की मी सांगेन तेच लिहायचं, मधे आपलं घालायचं नाही. (बरं. – दादा)

झालं ऑपरेशन. उजव्या डोळ्याचं, गेल्या सोमवारी. जाडी पुन्हा मोजली, चारशे एकोणीस. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेत आलात."

त्याआधी वस्तुसंग्रहालयात गेले होते. तिथल्या प्रमुख बाई फार सज्जन आहेत. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. जागेसाठी दाखवलेल्या नमुन्यांवर बाबांचा हात फिरला असावा, हेही सांगितलं. (हे सांगायची गरज नव्हती. – दादा) बाबा. त्या म्हणाल्या, जागा धरून ठेवता येणार नाही. मी म्हटलं, कळतं मला. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. एक शाळेची सहल आत चालली होती, दोन-दोनच्या रांगेत. सगळी मुलं माझ्या अंगावरून ओलांडून गेली तरी उठायचं सुचलं नाही. मग तिथूनच दवाखान्यात फोन केला.

तू सांगितलंस म्हणून केलं असं समजू नकोस. बाबांचं पत्र टपालात टाकायला मीच गेले होते. परत येताना मनाशी ठरवलं, मला उरेल तेवढ्या नजरेचं पण माझं काम हवंय. दुसऱ्यानं हळूच सरळ केलेलं नको.

ऑपरेशन दुखत नाही, थेंबांनी बधिर करतात. अर्धा तास दिव्याकडे बघत पडायचं. मी वेळ जायला खिशांचा खेळ खेळले. डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात काय असेल? पेन, टॉर्च, आणि एक अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "बिस्कीट नाही, शेंगदाणे."

दुखलं ते त्या संध्याकाळपासून. डोळ्यात कोणी वाळू घालून बूट फिरवतंय असं. तीन दिवस मी अंधाऱ्या खोलीत पडून होते आणि बाबा दारात स्टूल टाकून. थेंबांच्या चार बाटल्या, कोणती कधी ते त्यांनी कापडाला लावायच्या चिठ्ठ्यांवर लिहून बाटल्यांना दोऱ्यांनी बांधलं. मी म्हटलं, "काहीतरी बोला." तर ते बोलायलाच लागले, आत्या. तुम्ही दोघांनी आजोबांची कात्री विहिरीत टाकली होती, ते. तू परीक्षेला जाताना आजोबांचेच बूट घालून गेलीस, ते. मला हे काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वेदना कमी झाल्या तरी मी दुखतंय म्हणाले, म्हणजे ते आणखी सांगतील.

(हे मला आत्ता कळतंय. – दादा)

परवा डोळ्यावरची पट्टीची लेन्स काढली. सध्या उजव्यानं बाथरूमच्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. हे असंच असतं म्हणतात. मला रोज सकाळी भीती वाटते, पण ती मी सांगते.

तुझी
मुंगी

•

१४ मार्च

प्रिय मुंगी आणि दादा,

पत्र आतोबांनी वाचून दाखवलं. कंसातलं ते वेगळ्या आवाजात वाचत होते, अगदी दादासारखं घशातल्या घशात. मी हसता हसता रडले आणि त्यांना वाटलं लेन्स टोचली.

त्यांना विचारलं, "तुम्ही दादाला सांगितलं होतंत?" म्हणाले, "त्याला वीस वर्षं झाली. आता रागवायची मुदत संपली."

दादा, एक गोष्ट तुझ्या मनातून काढून टाक. तेव्हा तू मला हात धरून डॉक्टरकडे नेलं असतंस तरी काही झालं नसतं. हा उपाय तेव्हा कोणाकडे नव्हताच. माझा डोळा तुझ्या गप्प बसण्यानं गेला नाही. गेलं ते दुसरंच. अठ्ठावीस वर्षांत आपण एकदाही भिंतीला पाठ लावून बसलो नाही.

मी तुझ्यावर रागावले होते, आणि तू माझ्या आधी उठून माझ्याच चुका उसवत होतास. हे कळल्यापासून मी कामावर असताना मधेच थांबते. परवा पाण्याची झारी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, रोपांच्या ऐवजी माझे बूट भिजले. त्या चौदा महिन्यांतली किती कामं आठवून पाहिली. त्या हिरव्या पडद्याचं मला फार कौतुक झालं होतं, आठवतं? तुझे आजोबा, मुंगी, कधी कोणाला चांगलं म्हणायचे नाहीत. ते त्या पडद्यावर हात फिरवून मला म्हणाले होते, "आता तू शिकलीस." दादा तिथंच बसला होता. सुईत धागा ओवत.

कात्री विहिरीत मी टाकली नव्हती. त्यानं टाकली. हे नोंदवून ठेव.

एकदा ये म्हणावं त्याला. तू बरी झालीस की.

तुझी
आत्या

•

२१ जुलै

प्रिय आत्या,

या वेळी अक्षर माझं आहे. ओळी वर-खाली गेल्यात, चालवून घे.

काल पाच महिन्यांनंतरची मोजणी झाली. उजवा डोळा जिथं होता तिथंच आहे, पुढे सरकलेला नाही. मे महिन्यापर्यंत धुकं होतं. एक दिवस तर मला खात्रीच झाली की त्या शंभरातल्या दोघा-तिघांत मी आहे. जूनमध्ये ते विरायला लागलं. पहिल्यासारखं दिसत नाही, दिव्यांना शेपट्या आहेतच, पण वाढल्या नाहीत. डावा त्या मानानं शांत आहे, दर तीन महिन्यांनी मोजायचा. आता उजव्यात तुझ्यासारखीच कडक लेन्स. पहिल्या दिवशी घातली तेव्हा तुझी फार आठवण आली. तू हे सगळं एकटीनं, कोणाला न सांगता केलंस.

वस्तुसंग्रहालयात दुसरी मुलगी लागली. मी तिला भेटून आले. चांगली आहे, बोटं हलकी आहेत तिची. घरी येताना वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

दुकानात मी लोकर करते आणि जाड सुती कापड. रेशीम माझ्याच्यानं होत नाही, ते बाबांकडे. सकाळी साडेआठला दोघं एकदम खाली येतो, त्याआधी दुकान उघडायचं नाही असा मी नियम केलाय. चुकलं की मी विचारते, "बाबा, हे बघा." ते बघतात आणि सांगतात. सुरुवातीला त्यांना सांगताना घाम फुटायचा. आता इतकं सांगतात की जुने दिवस बरे होते असं वाटतं. परवा एका बाईंनी विचारलं, हे कोणी केलं, फार सुरेख झालंय. बाबा म्हणाले, "अर्धं हिनं, अर्धं मी." बाईंनी चष्मा लावून बराच वेळ शोधलं.

आता मुख्य. बाबा शनिवारी तुझ्याकडे येतायत. एकटे. मी म्हटलं मी येते सोबत, तर म्हणाले, "दुकान कोण बघेल?" त्यांनी अठ्ठावीस वर्षांत लांबचा प्रवास केलेला नाही. तिकीट तीनदा खिशातून काढून पाहिलंय, आणि धुलाईवाल्याच्या मुलाकडून बॅग उसनी आणलीय. गाडी दुपारी एकला पोचते.

मला काळजी वाटली, शनिवारी स्टेशनवर गर्दी असेल, तुला लांबून चेहरे दिसत नाहीत, चुकामूक होईल. मी म्हटलं, कोणत्या रंगाचा सदरा घालणार ते आत्याला कळवते, म्हणजे तिला ओळखता येईल.

ते सुईत धागा ओवत होते. हात थांबवून म्हणाले, "रंगबिंग काही कळवू नकोस. तिला लिही, स्टेशनच्या दाराशी एका जागी उभी राहा. शोधायचं काम माझं."

तुझी
मुंगी